झडतीचं गाणं

मला गाता येत नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मी नुसते ओठ हलवते, हे माझ्या वर्गातल्या मुलींनाही माहीत आहे. मध्य प्रदेशातल्या सौसरच्या एका शाळेत मी गणित शिकवते. हिंदीत शिकवते आणि मराठीत चिडते. त्यामुळे मी गाणी बनवते हे कळल्यावर स्टाफरूममध्ये जो हशा झाला त्याचं मला काही वाटलं नाही. दुसऱ्या कोणाचं असं कळलं असतं तर मीही हसले असते.

सुरुवात शाळेच्या लॅपटॉपवर झाली. त्यात नवीन काही टाकायची सोय नव्हती. टाकायला गेलं की तो पासवर्ड मागायचा, आणि पासवर्ड कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ब्राउझर मात्र चालायचा. एकदा अपूर्णांक शिकवायला काही खेळ मिळतो का म्हणून शोधत होते, तर अशी एक साइट हाती लागली जिथं ब्राउझरमध्येच गाणं तयार करता येतं. डाउनलोड नाही, काही नाही. पान उघडलं की आडव्या पट्ट्या दिसतात. एका पट्टीत ढोल, एकीत बासरी, एकीत आपण रेकॉर्ड केलेला आवाज. पट्टीत चौकोन असतात. चौकोन भरला की आवाज, रिकामा ठेवला की काही नाही. चार चौकोनांचा एक ठोका, चार ठोक्यांचं एक आवर्तन. सूर मला कळत नाहीत, पण सोळाला चारानं भाग द्यायला मला अजून तरी कोणाची मदत लागत नाही.

पहिलं गाणं आमच्या शाळेच्या घंटेचं केलं. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा आहे, दोरीला टांगलेला. दुसरं मंडीतलं, संत्र्याचे कॅरेट ट्रकमध्ये एकावर एक आदळतात त्या आवाजाचं. गाणं झालं की शेअरचं बटण दाबायचं, मग ते जगात कोणालाही ऐकता येतं. तिथंच आणखी एक खूण असते, ती केली की दुसऱ्यांना आपल्या पट्ट्या उघडून त्यात स्वतःचं काही घालता येतं. मी ती खूण करून ठेवली होती. कुठल्याशा देशातल्या माणसानं माझ्या घंटेत गिटार घातली. ते ऐकून मी दोनदा जेवण गरम करायला विसरले. अनोळखी माणूस आपल्या कामाला हात लावतो आणि काम बिघडत नाही, असा अनुभव मला नोकरीत कधी आला नव्हता.

आमचं गाव पांढुर्ण्याला लागून आहे. आई गेल्यापासून बाबा तिथं एकटेच राहतात. सौसरला चला म्हटलं की म्हणतात, "तिथं येऊन मी काय करू? तुह्या भिंतीकडे पाहत बसू?" त्यांची संत्र्याची बाग आहे, थोडा कापूस आहे, आणि गावात आता थोड्याच घरी उरली आहे तशी एक बैलजोडी आहे. बागेच्या धुऱ्यापलीकडे, बांधाला बांध लागून, त्यांच्या मित्राची बाग. त्यांना मी काका म्हणते. रक्ताचं नातं नाही, पण बाबांना ताप आला की मला फोन येतो तो काकांचा. रोज संध्याकाळी दोघं मारुतीच्या ओट्यावर बसतात आणि फारसं बोलत नाहीत. हे दोघं वर्षभराचं बोलणं पोळ्यासाठी साठवून ठेवतात, असं आई म्हणायची.

पोळ्याला आमच्याकडे गावाच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखाली सजवलेल्या बैलजोड्या रांगेनं उभ्या राहतात आणि झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे यमकाच्या चार-सहा ओळी. एकानं खड्या आवाजात म्हणायच्या, शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. काही झडत्या देवाधर्माच्या असतात, पण लोक खोळंबलेले असतात ते टोमण्यांच्या झडत्यांसाठी. सरपंच, मास्तर, शेजारी, व्याही, कोणालाही घ्या. ज्याला घेतलं त्यानं तोंड वाकडं करायचं नाही, उलट झडती म्हणूनच उत्तर द्यायचं. आणि तोरण तुटून बैल निघाले की विषय संपला. घरी नेऊन कोणी उगाळत बसला तर लोक त्यालाच नावं ठेवतात. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. गावात वाढलेल्याला ते माहीत असतंच.

त्या पोळ्याला मी फोन घेऊन मारुतीच्या भिंतीवर चढून बसले होते. बैलांच्या घागरमाळांचा आवाज गाण्यासाठी हवा होता. तेवढ्यात बाबा पुढं आले, फेटा सारखा केला आणि काकांकडे बोट करून सुरू झाले:

बाग लावली संत्र्याची, मोटर लावली पाण्याची,
पोरगं लागलं तिशीला, तरी वाट नवरीच्या येण्याची!
मांडव नाही, डफडं नाही, हळद सुकली वाटीत,
नवरदेव हिंडून राहिला एकला काळ्या मातीत!
हर बोला हर हर महादेव!

काय हसले लोक! काकांचा मुलगा तिथंच बैलाचा कासरा धरून उभा होता. तो कानापर्यंत लाल झाला आणि हसला. काकांनी एक क्षणही घेतला नाही. छाती काढून म्हणाले:

पोरगी शिकवते सौसरले, बाप करते सैपाक,
पोळी निघते नकाशावाणी, अन् भाजीची होते राख!
लेकीले पाहते बाप, दर शनिवारच्या मोटरीत,
लेक म्हणते पेपर आहेत, बाप जेवते अंधारीत!
हर बोला हर हर महादेव!

यावर आधीच्यापेक्षा मोठा हशा पडला. बाबांनी काकांच्या पाठीत धपाटा घातला आणि दोघांनी एकमेकांच्या बैलांना पुरणपोळीचा घास भरवला. मी भिंतीवर बसून हसत होते. हसताना चेहरा कसा ठेवायचा हे आम्हा बाईमाणसांना चांगलं जमतं.

सौसरला परत आल्यावर गाणं करायला बसले. झडती ठेक्यात नसते. बाबा एक ओळ पळवतात, दुसरीवर रेंगाळतात, आणि ‘पाण्याची’वर तर असे थांबतात की पाणी विहिरीतून ओढून आणून राहिले वाटावं. त्यांच्या चार ओळींचे मी एकोणीस तुकडे केले आणि एकेक तुकडा सरकवून चौकोनात बसवला. साइटवर डफडं नव्हतं, कुठल्यातरी परदेशी ढोलावर भागवलं. खाली घागरमाळा घातल्या. ‘हर हर महादेव’ तीन वेळा लागोपाठ लावलं. आठवडाभरात असं गाणं झालं की मला स्वतःला स्वयंपाक करताना गुणगुणावंसं वाटायचं, आणि मी गुणगुणणाऱ्यांतली नाही.

काकांचं उत्तर मी घेतलं नाही. कोणी विचारलं असतं तर सांगायला कारणं होती. त्या वेळी एक बैल मान हलवत होता, मागं कोणाचं तरी लेकरू रडत होतं, गाणं लांबलं असतं. सगळी कारणं खरी होती. लेकराचं रडणं काढून टाकायला त्या साइटवर एक बटण आहे हेही खरं होतं. बाप अंधारात जेवतो हे मला जगाला ऐकवायचं नव्हतं. एवढंच होतं ते.

टाकण्याआधी मी विचारलं मात्र होतं. पुढच्या रविवारी ओट्यावर दोघांना फोनवर ऐकवलं. बाबा स्वतःचा आवाज ऐकून लाजले. काका मांडीवर ताल देत होते. मी म्हटलं, "काका, हे इंटरनेटवर टाकू का?"

"टाक ना बेटा," काका म्हणाले, "त्यात काय विचारून राहिली? साऱ्या गावानं ऐकलंच आहे."

मी टाकलं. खाली व्यवस्थित लिहिलं: गावाचं नाव, पोळा, झडती. आकृतीला नाव आणि उत्तराला एकक लिहिलं नाही तर मी मुलींचे मार्क कापते, तीच सवय इथं आली. दुसऱ्यांनी पट्ट्या उघडायला परवानगी आहे, ती खूणही रोजच्यासारखी केली.

पोळ्यानंतर गणपती येतात. पांढुर्ण्यातल्या कोणीतरी माझ्या पट्ट्या उघडून त्यात डीजेचा धडाडणारा ठेका घातला, आणि मिरवणुकीत ‘पोरगं लागलं तिशीला’वर पोरं नाचली. मग ते या फोनवरून त्या फोनवर पसरलं. सौसरच्या भाजीबाजारात एका मिरचीवाल्याच्या मोबाइलवर माझ्या बाबांचा आवाज वाजला तेव्हा मी उगाच अर्धा किलो मिरची घेतली. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. रामाकोन्याहून येणाऱ्या आमच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ये गाना आपने बनाया?" तर मी हो म्हणून तिला सगळ्या वर्गासमोर ठेका मोजून दाखवला.

काकांचा मुलगा माझ्याहून बराच लहान. शांत पोरगा. शिकला, छिंदवाड्याला वर्षभर नोकरी केली, मग बागेसाठी परत आला. आमच्याकडे आता परत येणाऱ्यालाच मुलगी मिळत नाही. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, बाग तर पाहण्यासारखी आहे, पण शेती करते ना, असं म्हणून पाहुणे चहा पिऊन उठतात. पाच-सहा ठिकाणी असं झालं होतं. बाबांना हे सगळं माहीत होतं, म्हणूनच त्यांनी ती झडती केली होती. दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचा हक्क त्यांचा होता. काकांनीही त्यांच्या दुखऱ्या जागेवर ठेवलंच होतं.

दिवाळीनंतर वरुडच्या बाजूचं एक स्थळ आलं. मुलगी शिकलेली, आणि तिनं स्वतः होऊन बाग पाहायची म्हटलं. हे आधी कोणी म्हटलं नव्हतं. पोहे झाल्यावर ती दोघं बागेत जाऊन आली. त्या संध्याकाळी काकांनी मला फोन केला. नुसतं हसत होते. "बेटा, जमल्यासारखं आहे," म्हणाले, "तू सुट्टी काढून ठेवजो." मी कॅलेंडरवर मार्गशीर्षातल्या तारखा पाहिल्या. साडी कोणती नेसायची याचाही विचार केला, जो मी शाळेच्या गॅदरिंगलासुद्धा करत नाही.

आठ दिवसांनी नकार आला. मध्यस्थानं आडपडदा न ठेवता सांगितलं. मुलीच्या मामाच्या फोनवर ते गाणं होतं. खाली गावाचं नाव वाचून त्यांनी चौकशी केली आणि कळलं की गाण्यातला नवरदेव तो हाच. मामा म्हणाले, ज्याच्या लग्नावरून अख्खा जिल्हा नाचून राहिला त्या घरी आपली पोरगी कशी द्यायची? लग्नाच्या वरातीत हेच वाजवतील.

बाबांनी शुक्रवारी फोन केला. ते फोनवर कधी ओरडत नाहीत, त्या दिवशीही ओरडले नाहीत.

"तू आमची झडती अर्धीच टाकली काय वं?"

मी समोरच्या वह्यांचा गठ्ठा सारखा केला.

"आम्हाले ऐकवलं तेव्हा मले वाटलं, पुढचं अजून व्हायचं आहे. त्याचं उत्तर कुठं गेलं?"

"बाबा, ते लांबत होतं."

"लांबू द्यायचं. आता काय झालं, माह्या तोंडातून नुसती शिवी निघाली. त्याच्या पोराले मी शिवी दिली, अन् तो उभा राहून ऐकून राहिला, असं झालं ते." मग म्हणाले, "तो तीन दिवसांपासून ओट्यावर आला नाही."

दोघांच्या झडत्या एकत्र ऐकल्या असत्या तर त्या मामालाही कळलं असतं की हे दोन म्हातारे एकमेकांची खोडी काढून राहिले आहेत. एकच ऐकली, म्हणून ते हसं झालं. मी एवढी हिशेबी बाई, समीकरणाची एक बाजू खोडून टाकली आणि दोन महिने वर्गात ठेका मोजून दाखवत फिरले. मला माझी लाज वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा तो आला.

शनिवारी मधल्या सुट्टीत मी लॅपटॉप उघडला. दुसऱ्यांनी केलेले रीमिक्स माझ्या हातात नव्हते. त्या सगळ्यांना मी सकाळीच लिहिलं होतं, काहींनी काढलं, डीजेवाल्यानं उत्तर दिलं नाही. एका परदेशी माणसानं विचारलं, शब्दांचा अर्थ काय? मी लिहिलं, एका मुलाचं लग्न होत नाहीये त्याबद्दल आहे. त्यानं हसण्याचं चिन्ह पाठवलं. आता उरलं होतं माझं स्वतःचं. गाण्याखाली बऱ्याच लोकांनी काय काय लिहून ठेवलेलं दिसत होतं. मी एक ओळही वाचली नाही. कौतुक वाचायची माझी तयारी नव्हती आणि टिंगल वाचायची त्याहून नव्हती. काढून टाकायचं बटण दाबलं. साइटनं विचारलं, याखालच्या सगळ्या प्रतिक्रियाही कायमच्या जातील, नक्की ना? मी ‘हो’ दाबलं. मुलींचे डबे अजून संपायचे होते, एवढ्या लवकर ते झालं.

शाळा सुटल्यावर लॅपटॉप पिशवीत घालून पांढुर्ण्याची बस धरली. शनिवार, त्यामुळे जामसांवलीला जाणारे लोक दारापर्यंत लटकलेले. मारुतीला नारळ घेऊन चाललेल्या एका बाईंनी मला अर्धी सीट दिली आणि विचारलं, "दर्शनाला का?" मी म्हटलं, नाही, माफी मागायला. त्या म्हणाल्या, मग उतरा ना जामसांवलीलाच. चूक मारुतीची केली असती तर उतरले असते.

गावात बाबा माझ्यासोबत धुऱ्यापर्यंत आले. तिथून म्हणाले, "तू जाय. मी गेलो तर त्याले बोलावं लागेल." आणि परत फिरले.

काका अंगणात खाटेवर बसले होते. मला पाहून उठले.

"या," म्हणाले, "बसा. पाणी घ्या."

चाळीस वर्षांत काकांनी मला कधी ‘या, बसा’ म्हटलं नव्हतं. मी लहान असताना त्यांनी माझं शेंबडं नाक पुसलं आहे. मला भडाभडा बोलायचं होतं, पण त्या ‘बसा’नंतर जेवढं बोलले ते सगळं कागदावरून वाचल्यासारखं निघालं. चूक माझी आहे. तुमचं उत्तर मी मुद्दाम कापलं. का कापलं तेही सांगितलं. आज ते काढून टाकलं.

काकांनी ऐकून घेतलं. "काढलं ते चांगलं केलं," म्हणाले. मग उगाच खाटेची दोरी ताणत बसले. "तुमच्या बापाचं काही नाही. झडती चांगली होती त्याची." मग म्हणाले, "पोरगं बागेत आहे. त्याले सांगा."

आंब्या बहाराच्या संत्र्यांची तोड चालू होती. मजूर गेले होते आणि काकांचा मुलगा एकटाच झाडाखाली बसून संत्री निवडत होता, मोठी एका कॅरेटमध्ये, बारकी दुसऱ्यात. मी त्याच्या बाजूला उकिडवी बसले आणि पुन्हा सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता निवडत होता. मी म्हणाले, आज दुपारी ते गाणं कायमचं काढून टाकलं, तेव्हा त्याचा हात थांबला.

"तुम्ही काढलं?" तो म्हणाला. "मले वाटलं साइट बंद पडली."

"तू पण ऐकत होता काय ते?"

त्यानं हातातलं संत्रं खाली ठेवलं. "ताई, त्याच्याखाली आम्ही बोलून राहिलो होतो."

मला आधी कळलंच नाही. त्यानं मग सावकाश सांगितलं. वरुडकडची ती मुलगी पाहायला आली त्या दिवशी बागेत पहिलं वाक्य हेच बोलली होती, की ते गाणं तुमच्यावरच आहे ना? आणि पोट धरून हसली होती. तिला ते आधीच कळलं होतं आणि तरीही ती आली होती. नकार आल्यावर मामानं तिचा फोन काढून घेतला. पण धाकट्या भावाचा अभ्यासाचा लॅपटॉप घरात होता, आणि त्या साइटला ना नंबर लागे ना काही टाकावं लागे, ब्राउझर उघडला की झालं. तिनं कुठलंतरी खोटं नाव घेऊन गाण्याखाली एक ओळ लिहिली. यानं ओळखलं. यानंही खोटं नाव घेतलं.

"तिथं कोण पाहते, ताई? सारे परदेशी लोक. त्यायले काय समजते मराठी?"

"काय बोलत होता?"

"काही नाही. मोटरले लाईन दिवसा येते का रात्री, बैलांची नावं काय, तुम्हाले झोपेत घोरायची सवय आहे का, असंच." तो किंचित हसला. "आईले तिनं पटवलं होतं. बापाचं राहिलं होतं. म्हणे, थोडा धीर धरा."

"तिचा दुसरा काही पत्ता, मैत्रीण, कोणी?"

"नाही ना. अन् तिच्या गावात जाऊन उभा राहिलो तर तिचंच नाव खराब होते." त्यानं दोन संत्री उचलली, कोणत्या कॅरेटमध्ये टाकायची ते न बघता हातातच धरून ठेवली. "आज सकाळी तिनं विचारलं होतं. पाणी सोडायचं होतं म्हणून म्हटलं, दुपारी निवांत बसून लिहीन."

"काय विचारलं होतं?"

"तुमच्या गावात बायका झडती म्हणतात का म्हणून."

मी रडले. मी सहसा रडत नाही, आईच्या वेळीही लोकांसमोर रडले नव्हते, पण त्या झाडाखाली मी चांगली आवाज करून रडले आणि त्या पोरानं माझ्यासाठी एक संत्रं सोलायला घेतलं. ते पाहून आणखीच रडू आलं.

मग डोळे पुसून तिथंच लॅपटॉप उघडला. त्याच्या फोनवरून नेट घेतलं. शेअर केलेलं गाणं गेलं होतं, पण त्याच्या पट्ट्या साइटवर माझ्या खात्यात तशाच होत्या. या वेळी फोनमधलं काकांचं उत्तरही घातलं, न कापता, बैलाच्या मान हलवण्यासकट, लेकराच्या रडण्यासकट. ठेक्यात बसवलं नाही. नाव आधीचंच दिलं, तिनं शोधलं तर सापडावं म्हणून. जुन्या लिहिलेल्यातलं एक अक्षरही परत येणार नव्हतं, ते साइटनं आधीच सांगितलं होतं.

लॅपटॉप त्याच्याकडे दिला. त्यानं जुन्या धोतराच्या फडक्याला हात पुसले, त्याच्या त्या खोट्या नावानं आत गेला आणि गाण्याखालच्या रिकाम्या जागेत लिहिलं, ‘हो, म्हणतात.’

आमच्या गावात बायका झडती म्हणत नाहीत. त्याला ते माहीत होतं आणि मलाही.

त्यानं दुरुस्त करायला काही आहे का म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली, मग त्यानं पाठवायचं बटण दाबलं. वर प्रश्न नाही, खाली काही नाही, मध्ये ते दोन शब्द. आता फाल्गुन लागला आहे. मी रोज शाळेत गेल्यावर पहिलं ते पान उघडते. अजून त्याखाली काही आलेलं नाही.